कळंबहून राजोडीला, कामणमार्गे

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमलं नाही, आणि आता मासळी साफ करून बोटं इतकी जाड झालीत की अक्षर ओल्या वाळूवर खेकडा चालून गेल्यासारखं उमटतं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण समुद्रातून वाचून आलेला नवरा घरात बसलाय आणि तरी तो अजून घरी आलेला नाही, अशी एखादी बाई आमच्या किनाऱ्यावर असेल. तिच्या हाती कधी पडलं तर तिला रस्ता कळावा, एवढंच.

कळंबहून राजोडी अगदी जवळ. ओहोटीला किनाऱ्याने निघालं तर चुलीवर भात शिजेपर्यंत माणूस पोचतो. आम्हाला मात्र तिथे जायला आधी राजोडीकडे पाठ करून भुईगाव, वसई आणि पार कामणपर्यंत जावं लागलं.

कळंब

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पण सगळीकडे 'हे' लिहिलं तर गोंधळ होईल, म्हणून एकदाच लाज सोडून लिहिते, मोरेश्वर. गावात मोरूदादा.

मोरेश्वर राजोडीच्या दामूच्या बोटीवर जायचे. बोट दामूची, ती चालवणारा तांडेलही तोच. दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून एकत्र. दामू सकाळी किनाऱ्याने शीळ घालत यायचा आणि आमच्या दारात थांबून म्हणायचा, "वहिनी, नवरा उठला काय, का पानी ओतू?" त्याची शीळ सुरूच्या झाडांमधून आधी यायची आणि तो मागून. अजूनही वारा सुरूतून जोरात वाहिला की माझा हात चहाच्या भांड्याकडे जातो.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वाऱ्याने तोंड फिरवलं आणि बोट उलटली. बोटीवर ते दोघंच होते. गोडं पाणी ठेवायचा एक लहान निळा ड्रम तेवढा तरंगत राहिला. दुसऱ्या बोटीने मोरेश्वरांना उचललं तेव्हा ते त्या ड्रमला मिठी मारून होते आणि एकटे होते. दामू नंतर मिळाला. मधे काय झालं ते मोरेश्वरांनी कोणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांना निळा ड्रम बघवेना. दिसला की अंगाला घाम, छातीत धडधड, मग दिवसभर शब्द नाही. आता वसई-विरारमध्ये निळा ड्रम नाही असं घर कुठे आहे? नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक दारात ड्रम. लग्नाच्या मांडवात ड्रम, इमारतीच्या कामावर ड्रम, चहाच्या टपरीवर ड्रम. मी आमचा काढून टाकला आणि हंड्या-कळशांवर घर चालवलं. रस्त्याने जाताना ड्रम त्यांना दिसू नये म्हणून मी नेहमी मधे, त्या बाजूने चालायचे. लोकांना वाटायचं, म्हातारपणी हिराला नवऱ्याला चिकटून चालायची हौस आलीय.

ते रात्री किंचाळून उठायचे. पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि त्याला कारण आमचं काम. आमची डोलीची मासेमारी. जाळं खुंटाला बांधायचं, पाण्याच्या ओढीने ते भरतं. पाणी फिरलं की उठायचं, जाळं उपसायचं, परत आडवं व्हायचं. त्यामुळे आमच्याकडे माणूस घड्याळावर झोपत नाही, पाण्यावर झोपतो. दिवस असो की रात्र, दोन तुकडे इथे, दोन तुकडे तिथे. मोरेश्वर बोटीवर जायचे थांबले, घरी जाळी विणू लागले, तरी आडवं होणं पाण्याप्रमाणेच राहिलं. शेजारचे म्हणायचे, "अंगातलं पानी इतक्यात जात नाय. उठेल थोडे दिस."

मलाही ते पटलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की भरती तर रोज थोडी थोडी उशिरा येते, पंधरवड्यात पार फिरून जाते. हे मात्र रात्रीच्या त्याच सुमाराला उठतात. पाणी सरकत होतं, ह्यांचं किंचाळणं जागचं हलत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. मला बोलायची लाज वाटते. मी आयुष्यभर मासळी विकली, पण कधी ओरडून विकली नाही. गिऱ्हाइकाच्या पडवीत टोपली उतरवून गप्प उभी राहायची, हीच माझी आरोळी.

आणि एक गोष्ट अडून होती. बोट बुडाली त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या घराचे पत्रे उडाले होते. नवे घालायला दामूने उसने पैसे दिले होते. ते पैसे केव्हाच जमले होते, बिस्किटाच्या डब्यात तयार होते. मी म्हटलं, मी नेऊन देते शेवंतीला. शेवंती दामूची बायको. तर मोरेश्वर म्हणाले, "त्यानं माझ्या हातात दिलेत. माझ्याच हातानं जायला पायजेत." पण राजोडीच्या वाटेवर शेवटच्या सुरूपाशी त्यांचे पाय थांबायचे. गावात बोललं जाऊ लागलं की मोरू मेलेल्याचे पैसे खाऊन बसला.

दिवाळीनंतर माझ्या बहिणीचा मुलगा जितू आला. त्याची रिक्षा आहे. त्याने बातमी आणली, "मावशी, शेवंतीकाकू घर विकतेय. होळी झाली की मुलीकडे उंबरगावला जाणार, कायमची."

मोरेश्वरांच्या हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली.

जितू म्हणाला, "काका, तुम्हाला गांजाचं तेल पाहिजे. मोबाईलवर बघितलं मी. बाहेरच्या देशात फौजी लोकांना देतात, युद्धातून घाबरून येतात ना त्यांना. डायरेक्ट झोप! कामणला एक वैद्य आहेत, कायदेशीर देतात, चिठ्ठीवर."

मोरेश्वर सुई सोडवून म्हणाले, "झोप लागली तर जाईन मी राजोडीला."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

भुईगाव

पहिला मुक्काम आग्नेसबायकडे. ही माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. मी नवी नवरी असताना डोक्यावर टोपली घेऊन भुईगावला चालत जायचे, तेव्हा दोन्ही बाजूंना वाड्याच वाड्या. केळी, पानवेली, मोगरा, तगर. पाटाचं पाणी पायाखालून जायचं आणि मी मुद्दाम पाय भिजवून घ्यायचे. विहिरीवर रहाट कुरकुरला की समजायचं, आग्नेसबायचं घर आलं. आता निम्म्या वाड्यांवर बंगले आहेत आणि भिंतीवर 'पूल पार्टी' असं लिहिलेलं असतं. पण आग्नेसबायची वाडी आहे. रहाट गेला, पंप आला. विहीर तीच.

ती पडवीतच उभी होती. "हिरा, आज टोपली नाही? आणि मोरूला बरोबर घेऊन? काय, पळून आलात की काय या वयात?"

आत गेलो आणि बघते तर काय! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निळा ड्रम. मी आग्नेसबायच्या कानाशी लागले. तिने कपाटातून नाताळासाठी ठेवलेलं भरतकामाचं टेबलाचं कापड काढलं, ड्रमावर पार जमिनीपर्यंत सोडलं आणि वर फुलदाणी ठेवली. मोरेश्वर त्याच्याकडे पाठ करून बसले. जेवता जेवता म्हणाले, "बाय, कापड चांगलं हाय." म्हणजे त्यांना कळलं होतं.

त्यांच्या घरची एक रीत मला फार आवडते. आमच्यात आधी पुरुष जेवतात, मग उरलंसुरलं घेऊन आम्ही चुलीपाशी बसतो. इथे सगळे एका टेबलाशी, डोळे मिटून प्रार्थना, मग एकदम सुरुवात. मला त्या टेबलाशी घास उतरेना, इतकी लाज. तिने फुगे केले होते. फुगे म्हणजे ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आत पोकळ आणि मऊ. ते आणि इंदियाल, त्यांच्याकडचं आंबट-तिखट मटण. नंतर सुकेळी, उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची, मधासारखी.

जितू तिथेही तेलाचं सांगत बसला. आग्नेसबाय ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू डॉक्टर कधी झालास रे? तुझ्या रिक्षाचा मीटर तरी खरा चालतो का?"

"आँटी, मीटर परफेक्ट आहे!"

"मग तो मीटर बघ. हिरा, माझी भाची वसईच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथे मनाची डॉक्टर आहे. आधी तिला दाखवा, मग तेल लावा नाहीतर तूप लावा."

मोरेश्वर म्हणाले, "मी येडा नाय, बाय."

"वेडा असतास तर पैसे डब्यात ठेवले असतेस? केव्हाच उडवले असतेस," ती म्हणाली.

वसई

दवाखान्याच्या बाकावर आम्ही बरंच बसलो. शेजारी एक बाई नवऱ्याला धरून बसली होती, आणि दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. मला वाटायचं, मनाच्या डॉक्टरकडे काही तरी भयंकर दिसेल. दिसलं ते पाण्याचं मडकं, पंखा आणि भिंतीवर लहान मुलांनी काढलेली बोटीची चित्रं.

डॉक्टरबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. "काका, काय त्रास होतो?" मोरेश्वर खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा विचारलं. तेच. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. टोपली असती तर निदान तिच्याकडे बघितलं असतं. पण होळी डोळ्यांसमोर आली आणि मी बोलले. भरतीचं सांगितलं. पाणी कसं रोज सरकतं आणि ह्यांचं उठणं कसं सरकत नाही. ड्रमाचं सांगितलं. बोलताना एकदाही वर बघितलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हे तुम्ही कोणाला आधी का नाही सांगितलंत?"

"कोन इचारतंय," मी म्हटलं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. मला समजलं तसं लिहिते. या आजाराला पीटीएसडी म्हणतात. मोठा धक्का बसला की मन भोंगा वाजवतं, पळ, वाच. धोका गेला की भोंगा थांबायला हवा. काहींचा थांबत नाही. झालेली गोष्ट जुनी होऊन मागे पडत नाही, ती आता, या क्षणी होतेय असंच शरीराला वाटतं. म्हणून स्वप्नं, म्हणून दचकणं, म्हणून त्या जागा आणि त्या वस्तू टाळणं. सैनिकांना होतं, अपघातातून वाचलेल्यांना होतं, मारहाण सोसलेल्या बायकांना होतं. हा भित्रेपणा नाही आणि वेडही नाही.

मोरेश्वर पहिल्यांदा बोलले. "मग तो बंद कसा व्हायचा? भोंगा?"

"बोलून," त्या म्हणाल्या. "जे झालं ते इथे बसून, सुरक्षित, हळूहळू सांगायचं. आणि जे टाळताय त्याच्याजवळ थोडं थोडं जायचं. वेळ लागतो. लागल्या तर गोळ्याही आहेत."

मी जितूच्या तेलाचं विचारलं. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुष्कळ लोक विचारतात. काहींना त्याने झोप येते, वाईट स्वप्नं कमी होतात, असं ते सांगतात. पण त्याचा अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही, आणि जो झालाय तो सगळा एका बाजूने बोलत नाही. काहींची भीती उलट वाढते, छाती धडधडते, भास होतात. सवयही लागू शकते. आणि काका, एक लक्षात घ्या. भीती नुसती बधिर केली तर ज्याच्याकडे बघायचंय ते बघायचं राहून जातं. म्हणून मी त्याला पहिला उपाय म्हणणार नाही."

"मग कामणला जायचं नाय?"

"जा की. रस्त्यावरचा गांजा घेऊ नका, तो गुन्हा आहे, आणि त्यात काय मिसळलंय ते देवाला ठाऊक. वैद्यांकडचं औषध त्याच झाडाच्या पानापासून, परवान्याने बनतं. पण ते काय देतात ते मला कळवायचं, आणि मी काय देते ते त्यांना. दोघांत लपवाछपवी नको."

बाहेर आल्यावर मोरेश्वर म्हणाले, "पोर हुशार हाय. ओरडली नाय."

कामण

तिसऱ्या दिवशी जितूच्या रिक्षातून कामण. समुद्राकडच्या माणसाला तिकडचं सगळं परकं वाटतं. वारा खारट नाही. डोंगर अंगावर आल्यासारखे जवळ. कापून झालेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या आणि त्यांच्यामधे पत्र्याची गोदामं, एकेक आमच्या अख्ख्या आळीएवढं. मी माहेरी लहान असताना वडील बैलगाडीतून सुकी मासळी घेऊन याच भागात यायचे आणि बदल्यात भात घेऊन जायचे. मी गाडीत पोत्यावर झोपून डोंगर बघत यायचे. तेच डोंगर बघून मला इतकं बरं वाटलं की मी ड्रमाकडे लक्ष ठेवायला विसरले.

एका वळणावर गोदामाचं आवार आलं. कुंपणाच्या आत, पत्र्यापर्यंत रचलेले, नुसते निळे ड्रम. ड्रमांचा डोंगर.

मोरेश्वर चालत्या रिक्षातून उतरले. जितूने ब्रेक मारला, पण ते शेतात पळाले होते, आणि बांधाआड डोकं हातांत धरून बसले होते. श्वास असा की आता तुटेल. जितू रडायलाच लागला. "मावशी, मी दुसऱ्या रस्त्याने आणायला पाहिजे होतं, आई शप्पथ लक्षातच नाही आलं!"

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, अशा वेळी समोर जे दिसतंय ते त्यांच्याकडून बोलवून घ्या, म्हणजे मन आजच्या जागेवर येतं. मी जवळ बसले. "काय दिसतंय? सांगा."

त्यांनी डोकं आणखी खाली घातलं.

"मला सांगा. काय दिसतंय?"

"पेंढा," ते कसेबसे म्हणाले.

"आनि?"

"बगळा. बांध." मग, "जितूची चप्पल. तुटलीय."

"शिवून घेतो, काका," जितू नाक पुसत म्हणाला, आणि मोरेश्वर हसले. त्यांचं हसू मी इतक्या दिवसांनी पाहिलं की मीच बांधावर डोळे पुसत बसले.

वैद्य म्हातारे, घर शेताच्या कडेला. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी चांगले सुके बोंबील बांधून नेले होते. ते त्यांच्या ओटीवर ठेवले आणि मग कळलं की घर शुद्ध शाकाहारी. त्यांच्या बायकोने चेहरा जराही वाकडा न करता पुडी दोन बोटांनी उचलली आणि शेतावर काम करणाऱ्या बाईला दिली. त्या बाईच्या चेहऱ्यावर दिवाळी. आम्हाला मात्र तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. आमच्यात वालात सुकट असते, तरी नुसतेही वाल छान लागले.

जितूला वाटलं होतं, वैद्य कपाट उघडतील आणि बाटली देतील. त्यांनी उलट आमची उलटतपासणी घेतली. दारू पिता? घरात कोणाला भास व्हायचे का? छातीचा त्रास? मशीन चालवता, बोटीवर जाता? डॉक्टरबाईंचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. नाव विजया आहे म्हणून ती सगळ्यांना जिंकवतेच असं नाही. मी फक्त झोपेसाठी, अगदी थोडं देईन. झोपताना थेंब जिभेखाली. घेतल्यावर बोटीवर जायचं नाही, काही चालवायचं नाही. त्रास झाला तर बंद करून फोन. आणि बोलण्याचा उपचार सोडायचा नाही."

"मग राजोडीला जाता येईल ना?" मोरेश्वरांनी विचारलं.

"झोपेल तो माणूस जरा चालू शकतो," वैद्य म्हणाले. "पण चालायचं त्यालाच."

पुन्हा कळंब

इथे जी चूक झाली ती आमच्याच किनाऱ्यावर होऊ शकते. वैद्य म्हणाले होते, झोपताना घ्या. कामणच्या माणसाची झोप एक, रात्रीची. आमची पाण्याप्रमाणे. मोरेश्वर दुपारी पाणी फिरलं म्हणून आडवे झाले, थेंब घेतले. संध्याकाळी डुलकी काढली, थेंब घेतले. रात्री घेतले. पहाटे उठून पुन्हा पडले, तेव्हाही घेतले. मीच बाटली हातात देत होते, कारण औषध वेळेवर जायला हवं ना!

दुसऱ्या दिवशी त्यांना गरगरू लागलं. तोंडाला कोरड, छातीत धडधड, आणि दार उघडं राहिलं म्हणून लहान मुलासारखे घाबरले. खुंटीवरच्या जाळ्यात कोणी तरी अडकलंय असं म्हणायला लागले. मी बाटली वर ठेवली, त्यांच्यापाशी बसून राहिले आणि जितूकडून फोन लावून घेतला.

वैद्यांना आधी काही कळेना. "चार वेळा झोपले? आजारी आहेत का?"

"नाय हो," मी म्हटलं, "भरती-ओहोटी."

मग मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, पाण्यावर झोपायचं. मग ते म्हणाले, "बाई, हे आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही." त्यांनी काही दिवस औषध बंद ठेवायला सांगितलं, आमच्याकडून डॉक्टरबाईंना कळवून घेतलं, आणि नंतर पहिल्याहून कमी, फक्त रात्री, घड्याळ बघून. घरात घड्याळ नव्हतं. आग्नेसबायने तिचं जुनं, कोंबडा असलेलं पाठवून दिलं.

हळूहळू रात्रीची झोप सलग होऊ लागली. स्वप्नं पूर्ण गेली नाहीत, पण एखादी रात्र नुसतीच रात्र असायची. ड्रम मात्र ड्रमच राहिला. त्यावर थेंबांचं काही चाललं नाही. त्यासाठी आम्ही दर मंगळवारी वसईला जात राहिलो, आणि दर वेळी आग्नेसबायकडे जेवून परत. मला त्या मंगळवारांची आता आठवण येते. उतारवयात नवऱ्याबरोबर फिरायला मिळालं, ते दुखण्याच्या निमित्ताने का होईना.

अशाच एका मंगळवारी मोरेश्वर डॉक्टरबाईंसमोर बोलले. मी आत होते, कारण त्यांनी माझा पदर धरून ठेवला होता. ड्रम लहान होता, दोघांनी धरला की पाण्याखाली जायचा. दामू म्हणाला, "मोरू, तू धर. मला पोहता येतं तुझ्यापेक्षा बरं." ते खरंच होतं, दामूसारखा पोहणारा आमच्या किनाऱ्यावर नव्हता. तो किनाऱ्याच्या दिशेने निघाला. काही वेळ त्याची शीळ ऐकू येत होती. तो मुद्दाम घालत होता, आपण आहोत हे कळावं म्हणून. मग नुसता वारा.

"ड्रम मी सोडला नाय," मोरेश्वर म्हणाले. "मी धरून बसलो. शेवंतीला काय तोंड दाखवू?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या मंगळवारची वेळ कागदावर लिहून दिली.

पुढे त्या ही गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घ्यायच्या. घरी काम दिलं, ड्रमाशी ओळख करायचं. आधी जितूच्या मोबाईलवर फोटो. मग नुसतं झाकण, त्यावर मी मिरच्या वाळत घातल्या. मग शेजाऱ्यांचा ड्रम अंगणाच्या टोकाला, मग जवळ. एके दिवशी बाजारातून येऊन बघते तर आमच्या मोरीशेजारी निळा ड्रम उभा, आणि त्यावर माझं जुनं लुगडं पांघरलेलं. मोरेश्वर म्हणाले, "आग्नेसबायनं नटवला तर आपन पन नटवू." आठवडाभराने लुगडंही काढलं.

फाल्गुन लागायच्या आत वैद्यांनी थेंब कमी करत करत थांबवले. कशाने किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मलाही नेमकं सांगता येणार नाही. झोप लागली म्हणून बोलता आलं असेल, बोलले म्हणून झोप लागली असेल. जितू मात्र सगळ्यांना सांगतो की माझ्या तेलाने काका बरे झाले. कोणी त्याचं ऐकून बाटली शोधायला निघालं तर मी म्हणते, आधी वसईला जा.

राजोडी

होळीच्या दोन दिवस आधी, सकाळची ओहोटी बघून आम्ही किनाऱ्याने निघालो. मोरेश्वरांच्या हातात बिस्किटाचा डबा. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळत होते, कोणी तरी होळीसाठी बोटींना पताका बांधत होतं. शेवटच्या सुरूपाशी ते थांबले.

"सुरू," ते म्हणाले. "पताका. कुत्रा." मग माझ्याकडे बघून, "तुझी चप्पल बरी हाय." आणि चालू लागले.

शेवंतीचं घरातलं अर्धं सामान बांधून झालं होतं. गाठोडी ओट्यावर. आणि दाराशी, मोरीच्या बाजूला, एक लहान निळा ड्रम. एका बाजूला घासलेला, कडेला पांढरी दोरी अजून बांधलेली. मी तो ओळखला. माझ्या मनात आलं, इथूनच परत फिरायचं. दुसऱ्या बोटवाल्यांनी तो दामूच्या घरी आणून दिला होता आणि तिने त्यात पाणी भरून ठेवलं होतं. करणार काय, पाणी तर लागतंच.

शेवंती बाहेर आली. पूर्वी ठसठशीत होती, आता वाळलेली. तिने आम्हाला बघितलं, मग मोरेश्वर कुठे बघतायत ते बघितलं. ती ड्रमाकडे गेली, झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या भावोजी. चालून आलात."

पाणी सदऱ्यावर सांडलं. पण ते प्यायले, सगळं.

मग त्यांनी उभ्यानेच सांगितलं. लहान ड्रम, दामू काय म्हणाला, शीळ कशी ऐकू येत होती. शेवंतीने पदर तोंडाला लावून ऐकलं. शेवटी म्हणाली, "शीळ घालत होता?"

"घालत होता."

"मग भ्यायला नव्हता," ती म्हणाली. "तीन वरसं मी हेच देवाला इचारत होते. तुम्ही लवकर का नाय आलात?"

मोरेश्वरांनी डबा पुढे केला. सगळी वाट मला वाटत होतं की ती म्हणेल, राहू द्या, आता कसले पैसे. गावातल्या बायकाही म्हणायच्या, ती घेणार नाही. आणि मला त्याचीच भीती होती. तिने नको म्हटलं असतं तर तो डबा आमच्या घरात जन्मभर राहिला असता.

शेवंती खाली बसली. डबा उघडला. बोटाला थुंकी लावून, बाजारात मोजतात तशा, एकेक नोट मोजली. एक नोट चिकटली होती, ती वेगळी करून पुन्हा मोजली. मग सगळे पैसे पदरात बांधले, गाठ घट्ट ओढली आणि रिकामा डबा मोरेश्वरांच्या हातात परत दिला.

"बरोबर हायत. आता काय बाकी नाय," ती म्हणाली.